पाचव्या फळीवरचा

मी सुकाणूपाशी उभी. वय बावन्न, वजन अठ्ठेचाळीस किलो.
तेरा जण माझ्याकडे तोंड करून बसतात
आणि जिकडे जायचं, तिकडे त्यांची पाठ.
म्हणून तेरांचे चेहरे या बास्क किनाऱ्यावर
फक्त मला दिसतात,
आणि फेब्रुवारीतल्या सोमवारी, पहाटे सहाला,
वारा समोरून असला
तर तेरांचे श्वासही माझ्यापर्यंत येतात.

पाचव्या फळीवर, डावीकडे, तू. बेन्यात.
तुझ्या श्वासाला आंबलेल्या सफरचंदाचा वास.

काल डोंगरात गेला होतात सगळे,
पिंपातून बारीक धार सुटते
आणि ग्लास तिरका धरून एकामागून एक पुढे सरकायचं,
मला ठाऊक आहे ती रांग.
बाकीचे दोनदा-तीनदा उठले, मग मांसाच्या ताटाशी स्थिरावले.
तू रांगेतच राहिलास.
तुझं ताट कोणीतरी दुसऱ्यानं संपवलं.

तू म्हणतोस, फळाचाच तर रस आहे.
अरे, फळातलं फळ पिंपातच संपलं.
उरला तो नुसता जाळ.
भसकन पेटतो, ऊबही देतो,
अंगी मात्र लागत नाही.
आणि यकृत बिचारं जुन्या वळणाचं:
हा पाहुणा दारात आला
की हातातलं सगळं टाकून आधी त्याचं करायचं.
तोवर चरबी ओट्यावर तिष्ठत,
साखरेकडे कोणी बघत नाही,
आणि दिवसभर वल्हवून उसवलेले तुझे दंड
रात्री सुईदोऱ्याची वाट बघत
तसेच पडून राहतात.
झोप लागते म्हणतोस. लागते, लगेच लागते.
तीनला जीभ टाळ्याला चिकटून जाग येते, ती कोणाला?

माझा बाप ट्यूनाच्या बोटीवर होता.
शेवटी पोट नगाऱ्यासारखं, हात सुकलेल्या दोरासारखे.
पायांना मुंग्या यायच्या.
धक्क्याच्या दगडावर उभा राहून म्हणायचा,
बोट फार डुलतेय आज.
जेवायला बसला की पावाचा तुकडा मोडायचा,
बघायचा, परत ठेवायचा.
आई म्हणायची, भरलंय त्यांचं पोट.
डॉक्टर म्हणाले, उपासमार.
त्या वर्षी बंदरात इतके मासे आले होते
की बर्फ पुरला नाही,
आणि आमच्या स्वयंपाकघरात, विस्तवापासून दोन हातांवर,
एक माणूस उपाशी मेला.

त्याची एक बाटली माझ्या कपाटात आहे.
ती उघडलीच नाही कधी,
असं सांगायला आवडलं असतं.

हं. हात लांब! पाठ सरळ!
नावेला नाक नसतं, पण तिला कळतं.
पहिली दहा मिनिटं तू सगळ्यांच्या बरोबरीनं.
मग तिसऱ्या वळणाला
तुझं वल्हं अर्धी वीत उशिरा पाण्यात,
आणि बारा जण, न बोलता,
ती अर्धी वीत आपापल्या पाठीवर वाटून घेतात.
मी सुकाणू किंचित उजवीकडे ओढते.
किंचितच. किनाऱ्यावरून दिसणार नाही.

धक्क्याला लागल्यावर एवढंच विचारलं तुला:
काल रात्री जेवलास काय?
तू हसलास. मग हसू थांबलं,
कारण खरंच आठवेना.

माझ्या खिशात दोन उकडलेली अंडी होती.
पहिल्याचं कवच काढताना तुझी बोटं कापली,
अर्धं पांढरं टरफलाबरोबरच समुद्रात गेलं.
जे उरलं ते तू एका घासात गिळलंस,
लहान मूल औषध गिळतं तसं.
दुसरं हातात धरून बराच वेळ उभा होतास,
मग जॅकेटच्या खिशात ठेवलंस.

खाशील की विसरशील?
सोमवार आहे. मला फक्त पाठ दिसतेय तुझी,
चढावर जाणारी.